डावा डोळा मिटून

अंबरनाथच्या नव्या घरात परवा सुताराने ओट्याखालच्या कपाटांना दारं बसवली, हात झटकले आणि विचारलं, "चालेल ना, मॅडम?" मी हो म्हणणारच होते. पण त्याआधी माझा डावा डोळा आपोआप मिटला, मान तिरकी झाली आणि मी दाराच्या कडेवरून अशी काही नजर लावली की सुतार बिचारा मागे सरकला. वरच्या कोपऱ्यात फट होती. फार नव्हती, पण होती. पूर्वी मला ती दिसली नसती आणि मी सुखात राहिले असते. आता रोज चहा करताना ती दिसते, आणि रोज सकाळी मी रेवाळे काकांच्या नावाने खडे फोडते.

बदलापूरला आमची दारं समोरासमोर होती. काका अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत तपासनीस होते. मशीनवरून उतरलेला माल हातात घ्यायचा, मोजायचा आणि पास किंवा रिजेक्ट म्हणायचं, एवढंच काम त्यांनी उभा जन्म केलं. निवृत्त झाल्यावर कंपनीने त्यांना शाल-श्रीफळ दिलं, पण ते काम काही काढून घेतलं नाही. ते काका घरी घेऊन आले. निरोपसमारंभातल्या शालीची कड सरळ आहे का, हे त्यांनी व्यासपीठावरच उलगडून बघितलं, असं काकू सांगायच्या. मला त्यात तिळमात्र शंका नाही.

त्यांची बघण्याची एक रीत होती. वस्तू उजव्या डोळ्याच्या रेषेत उचलायची, डावा डोळा गच्च मिटायचा, श्वास रोखायचा आणि कडेवरून लांबवर बघायचं. झाडूच्या दांड्यापासून दूधवाल्याच्या मापापर्यंत सगळं त्यांचं असं बघून झालं होतं. आमच्या गृहप्रवेशाच्या पूजेला आले, प्रसाद घेतला, हात धुतले आणि दारात उभे राहून डोळा मिटला. घर पाहुण्यांनी भरलेलं. "मनीषा, चौकट बाहेर झुकलीय तुझी. रिजेक्ट," असं सगळ्यांसमोर जाहीर करून मोकळे झाले. माझ्या सासूबाई पुढे कितीतरी दिवस माझ्याकडे असं बघत होत्या, जणू चौकट मीच वाकवली. पुढच्या पावसाळ्यात दार अडकायला लागलं तेव्हा काका समोरून नुसते बघत राहिले. बोलले काही नाहीत. बोलले असते तर परवडलं असतं.

"चालेल" या शब्दाशी त्यांचं हाडवैर होतं. रिक्षावाला म्हणो की भाजीवाला, काकांचा चेहरा कडू व्हायचा. "चालेल म्हणजे काय? नीट आहे का नाही ते सांग!" काकूंच्या तोंडात मात्र दिवसातून दहा वेळा "असू दे" असायचं. या दोघांचा संसार एवढी वर्षं कसा टिकला, असं मी एकदा काकूंना विचारलं होतं. "मला त्यांनी बघायला आले तेव्हाच पास केलं ना," काकू म्हणाल्या. "तेव्हा अजून नोकरीला लागले नव्हते."

अशा या सुमनकाकूंच्या ओट्याखालच्या कपाटांना वाळवी लागली. जुनी दारं काढून टाकली. सुतार येऊन नवी दारं, म्हणजे त्यांच्या भाषेत शटर्स, बसवून गेला. काकांनी डोळा मिटला. रिजेक्ट. दुसरा सुतार आला. रिजेक्ट. तिसऱ्याने माप घ्यायला टेप काढला, तर काकांनी त्याचा टेपच तपासायला घेतला. तो टेप तिथेच टाकून गेला तो परत आलाच नाही. मग काकांनी घोषणा केली, की आता शटर्स ते स्वतः करणार. काकूंनी तात्पुरते म्हणून आपल्या मशीनवर पडदे शिवले आणि ओट्याखाली दोरीवर लावले. निळे, पांढऱ्या फुलांचे. ते तात्पुरते पडदे धुऊन धुऊन पांढरे झाले, फुलं दिसेनाशी झाली, तरी शटर्सचा पत्ता नव्हता.

काकूंचं मागणं काही फार नव्हतं. झुरळं आत जाऊ नयेत, मुलगी-जावई नाशिकहून आले की डबे-बरण्या उघड्यावर दिसू नयेत, एवढंच. पण घोडं पेंड खात होतं ते काकांच्या तयारीपाशी. शटर करायचं तर कडेला खाच हवी, खाच पाडायला राउटर हवा. लाकडावर भर्रकन फिरणारं पातं असलेलं ते मशीन काकांनी आणलं. ते हातात धरून चालवलं तर हात हलतो, म्हणून ते टेबलाखाली उलटं टांगायचं. पातं वरच्या भोकातून बाहेर काढायचं आणि लाकूड त्यावरून सरकवायचं. म्हणजे शटरच्या आधी टेबल आलं. टेबलाचे पाय आले काकूंच्या शिवणयंत्राचे. "ओतीव बीड आहे, हलणार नाही," काका म्हणाले. शिवणयंत्राचं वरचं धूड तेव्हापासून माळ्यावर आहे.

आणि टेबलाचा वरचा भाग, टॉप? तो आरशासारखा सपाट हवा. प्लायवूड आणलं, ते पावसाळ्यात फुगलं. मग काकांना कळलं, की हॉटेलच्या काउंटरला लावतात तो पांढरा बनावट दगड, सॉलिड सरफेस, हाच खरा माल. फुगत नाही, वाळवी लागत नाही, लाकूड त्यावरून लोण्यासारखं सरकतं. मी पडद्याचं कापड आणायला उल्हासनगरला निघाले होते. काकू माझ्या दारात येऊन हळूच म्हणाल्या, "ह्यांना पण घेऊन जा ना. एकदाचं मिळून जाऊ दे." माझं नशीब फुटकं, मी हो म्हटलं.

फर्निचर बाजारात होतचंदभाईंचं दुकान होतं. मोठ्या ओट्यातून सिंकसाठी कापून काढलेले चौकोनी तुकडे त्यांच्याकडे भिंतीला टेकून उभे असायचे. काकांनी तासभर ते एकेक करून उचलले, उजेडाकडे धरले, डोळा मिटला. गिऱ्हाइकं येऊन सोफे घेऊन गेली. शेवटी होतचंदभाई कपाळावर हात मारून म्हणाले, "साईं, आपको टेबल बनाना है कि उसपे हवाई जहाज उतारना है?"

"वो भी उतर सकता है, अगर माल सीधा है," काका तितक्याच गंभीरपणे म्हणाले.

त्यातल्या त्यात बरा म्हणून एक तुकडा घेतला. रिक्षात तो माझ्या आणि काकांच्या मांडीवर आडवा. माझं कापड घ्यायचं राहूनच गेलं. वाटेतल्या गतिरोधकावर रिक्षा आदळली तशी माझ्या गुडघ्याची वाट लागली आणि काका ओरडले, "सांभाळ, कड उडेल!" गुडघ्याची चौकशी कुणी केली नाही.

मग आठवडाभर गॅलरीत कापाकापी. त्या दगडाचा भुगा तांदळाच्या पिठासारखा असतो, आणि तो आमच्या दाराखालून आत येऊन टीव्हीपासून तुळशीपर्यंत सगळ्यांवर बसायचा. मधोमध भोक झालं. राउटर टांगायची पट्टी त्यात अंगठीतल्या खड्यासारखी बसली, हे मी कबूल करते. काकूंनी नारळ आणून ठेवला. काकांनी वर पोलादी पट्टी उभी ठेवली, पट्टीमागे टॉर्च लावला, डावा डोळा मिटला.

"मध्ये खड्डा आहे."

काकूंनी नारळ उचलून आत नेला. त्याची चटणी झाली.

दुसरा टॉप आला. तोही वाकडा. तिसरा आला. त्याला तर काका म्हणाले, लाट आहे लाट. होतचंदभाईंनी फोन उचलणं बंद केलं. पहिला टॉप काकूंनी आत नेऊन ओट्यावर टाकला आणि त्याच्यावर पोळ्या लाटायला लागल्या. मधल्या भोकावर झाकण म्हणून स्टीलची ताटली. "पीठ चिकटत नाही ह्याला," काकू म्हणायच्या. "दगड चांगला आहे बाई." असं करत करत तीन वर्षं गेली. तीन वर्षं त्या बाईने पडद्यामागून डबे काढले.

माझा तोल गेला तो तिसऱ्या टॉपच्या वेळी. काकांच्या पेटीत कागदासारख्या पातळ पोलादी पत्त्यांचा जुडगा होता. पट्टी आणि वस्तू यांच्यात फट असली तर पत्ती आत शिरते. त्या दिवशी पत्ती मी धरली होती, कारण काकांना पट्टी सोडायची नव्हती. मी सगळीकडे घालून बघितली. पत्ती कुठेच शिरेना.

"शिरत नाही काका. फट नाहीये."

"आहे. मला दिसतेय ना. मधोमध."

"मधोमधच घालतेय!"

"मग पत्ती जाड असेल."

"तुमचीच पत्ती आहे!"

"मनीषा," काका शांतपणे म्हणाले, "पत्ती झिजते, पट्टी वाकते. डोळा खोटं बोलत नाही."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी पत्ती टेबलावर आपटली आणि म्हणाले, "काका, तुम्हाला शटर्स करायचीच नाहीयेत. काकूंना एकदा स्पष्ट सांगून टाका, म्हणजे त्या तरी सुटतील." काकू दारात उभ्या होत्या. पहिल्यांदाच त्या "असू दे" म्हणाल्या नाहीत. त्या काकांकडे बघत होत्या, आणि त्यांचं लक्ष टेबलाकडे नव्हतंच.

नंतर जिन्यात काकूंनी मला गाठलं. "काल पेपर वाचताना म्हणाले, छपाई वाकडी करतात हल्ली. परवा समोरच्या बिल्डिंगचं ग्रिल वाकलंय म्हणत होते. मी बघितलं, कुठे वाकलंय? आणि ते डोळा मिटतात ना, तेव्हाच वाकडं दिसतं त्यांना. उघड्या डोळ्यांनी नाही." मी तीन वर्षं पत्त्या, पट्ट्या आणि टॉप यांच्यावर चिडत होते. बघणाऱ्याकडे बघायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

कल्याणच्या डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायला काकूंना पंधरवडा लागला. "डोळ्यांचं काय? डोळा एकदम पास आहे," हे पालुपद चालूच. शेवटी त्यांना चष्म्याच्या निमित्ताने नेलं, मी सोबत होते. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बारीक चौकटींचा एक कागद समोर धरला, काकांचा डावा डोळा झाकला आणि विचारलं, "रेषा कशा दिसतात, आजोबा?"

काकांनी मान तिरकी केली. "हा छापला कुणी? मधल्या रेषा बघा कशा आत ओढल्यात. रिजेक्ट. बदलून मागा."

बाईंनी हात उजव्या डोळ्यावर नेला. "आता?"

काका बघत राहिले. खूप वेळ. मग त्यांनी स्वतःच बाईंचा हात बाजूला केला, पुन्हा झाकला, पुन्हा बाजूला केला. कागद हातात घेऊन उलटा केला, सरळ केला.

"उजव्या डोळ्याच्या मागच्या पडद्याला सुरकुती पडलीय," बाई म्हणाल्या. "दोन-तीन वर्षं सहज झाली असतील. ऑपरेशन करता येईल, पण पूर्वीसारखं सरळ दिसेलच असं मी सांगणार नाही. डावा उत्तम आहे."

येताना काका रिक्षात हाताने एकदा हा डोळा, एकदा तो डोळा झाकत बसले. अंबरनाथ आलं, कंपनीकडे वळणारा रस्ता आला, तेव्हा एवढंच म्हणाले, "होतचंदचा माल बरोबर होता." काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. मला रडू आलं आणि मी बाहेर बघायला लागले.

त्यानंतर काका सगळ्याला "चालेल" म्हणायला लागले.

सुरुवातीला मला वाटलं, सुटलो. चहा पाणचट झाला, चालेल. सोसायटीच्या रंगाऱ्याने जिन्यात पट्टा वाकडातिकडा मारला, चालेल. आमच्या दारावरचं तोरण एका बाजूला लोंबत होतं. काका त्याच्याखालून रोज जायचे, वर बघायचेही नाहीत. ते मीच सरळ केलं शेवटी. एवढी वर्षं ज्या शब्दाची मी वाट बघितली, तो त्यांच्या तोंडून मला ऐकवेना. काकू तर धास्तावल्याच. "रात्री उशीसुद्धा सारखी करत नाहीत गं," त्या म्हणाल्या. "भांडले तरी बरं होतं."

मग काकूंनी तीन वर्षांत केलं नव्हतं ते केलं. नवा सुतार बोलावला. काकांना विचारलं. "चालेल," काका म्हणाले आणि गॅलरीत जाऊन बसले. दोन दिवसांत शटर्स लागली. पांढऱ्या मायक्याची, गोल मुठींची. काकूंनी पडदे काढून घड्या घातल्या. मला बोलावून स्वयंपाकघर दाखवलं. सुंदर दिसत होतं, आणि काकूंच्या चेहऱ्यावर आनंदाचा मागमूस नव्हता.

मी चहा घेत बसले होते. काका साखरेचा डबा घ्यायला आत आले. खाली वाकून शटर उघडलं, डबा काढला, शटर लावलं. निघाले. आणि थांबले. डबा ओट्यावर ठेवला. अंगठा शटरच्या कडेवर ठेवून हळूहळू वरून खाली नेला. डोळे दोन्ही मिटलेले. पुन्हा वर नेला. मधेच एका जागी अंगठा अडला. तिथे त्यांनी नखाने टकटक केलं.

"सुमन."

"काय हो?"

"मायका कडेला वर आलाय. पाणी शिरेल, दोन पावसाळ्यांत सुटेल. कुणी केलं हे?" आणि मग, पूर्वीच्याच कडू चेहऱ्याने, "रिजेक्ट!"

काकूंनी खण उघडला, पेचकस काढला आणि जमिनीवर बसून स्वतःच्या हाताने शटरचे स्क्रू काढायला लागल्या. तीन वर्षं वाट बघितलेली शटर्स! मी ओरडलेच, "काकू, अहो काय करताय?"

"तू चहा घे," काकू म्हणाल्या. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि त्या हसत होत्या. पडदे पुन्हा दोरीवर चढले, आणि शटर्स करायचं काम पुन्हा काकांकडे आलं.

पण टेबलाचं घोडं पुन्हा अडलं. कड अंगठ्याला कळते, सपाटी नाही कळत. ती नजरेनेच बघायची, आणि आता डाव्या. इथे नवाच घोळ. काकांना जन्मभर डावा डोळा मिटायची सवय. उजवा एकटा मिटताच येईना! मिटायला गेले की दोन्ही मिटायचे, तोंड वाकडं व्हायचं, कान हलायचे. त्यांचा सराव चालू असायचा तेव्हा शेजारपाजारच्यांना वाटायचं, काका डोळे मारतात. एका हातात पट्टी, दुसऱ्यात टॉर्च, म्हणजे डोळा झाकायला हात उरत नव्हता. मी औषधाच्या दुकानातून डोळ्यावरची पट्टी आणून दिली. त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली. शिवण सरळ नाही म्हणून परत केली. मी हात टेकले.

आम्ही अंबरनाथला घर घेतलं. सामान टेम्पोत चढलं, त्या सकाळी मी निरोप घ्यायला समोर गेले. दार उघडंच होतं. मला वाटलं, दोघं आत चहा घेत असतील. हाक मारणार, तेवढ्यात गॅलरीत दिसले.

शिवणयंत्राच्या पायांवर पहिला टॉप होता. पोळ्यांचा. धुऊन पुसून, भोकावरची ताटली काढून ठेवलेला. काका त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसले होते, एका हातात पट्टी, दुसऱ्यात टॉर्च. काकू त्यांच्या पाठीमागे उभ्या होत्या. पोळ्या करता करता उठून आलेल्या, हाताला कोपरापर्यंत पीठ. आणि त्या पिठाच्या हाताने त्यांनी काकांचा उजवा डोळा झाकून धरला होता. काकांच्या कपाळावर, भुवईवर पांढरी बोटं उमटली होती.

"हलू नकोस," काका म्हणाले.

"नाही हलत."

टॉर्च या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. काकांनी श्वास रोखला होता. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

"सुमन, सरळ आहे हा."

"हो का?"

"पहिल्यापासून सरळ होता. ह्याच्यावर पोळ्या लाटत होतीस तू. तीन वर्षं…"

"असू दे," काकू म्हणाल्या. "हात काढू का आता? तव्यावर पोळी आहे."

"थांब. आडवं बघून झालं, उभं राहिलंय. मग तिरपं."

स्वयंपाकघरातून करपल्याचा वास यायला लागला होता. मी पुढे होऊन गॅस बंद करणार होते, पण माझा पाय दारातून हलेना. पोळी जळत होती, धूर गॅलरीपर्यंत आला होता, काका सावकाश पट्टी फिरवत होते, आणि काकूंनी हात काढला नाही.